डाव्या हाताचा माऊस

प्रियदर्शनीने माऊसचं बटण दाबलं आणि भलताच मेनू उघडला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कुणीतरी दोन्ही बटणांची अदलाबदल करून ठेवली होती, डावखुऱ्या माणसाला हवी तशी.

कुपवाडच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच आणि त्यावर बसणारीही एकच. पंपाच्या सुट्या भागांची लेबलं, चलनं, मेल, सगळं तिच्याकडे. तिने सेटिंग्ज उघडल्या. बाण दुप्पट मोठा, अक्षरं दीडपट. शिफ्टचं बटण दाबून धरायला नको, दाबून सोडलं तरी पुढचं अक्षर मोठं उमटेल, हेही कुणीतरी चालू केलेलं. एवढं सगळं आपल्या सोयीचं करून घेणारं माणूस एका दिवसापुरतं बसत नसतं. प्रियदर्शनीला सातवा महिना चालू होता. रजेचा अर्ज बाळगोंडा मालकांकडे देऊन आठवडा झाला होता आणि ‘बघू’ यापलीकडे ते काही बोलले नव्हते.

तिने सगळं होतं तसं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मग तिला धीर निघेना. चहाच्या वेळी ती प्रत्येकाच्या हाताकडे बघू लागली. वेल्डर अर्जुनाने कप डाव्या हाताने उचलला, पण त्याला मोबाइलवर साधा मेसेज टाकायचा तर दुसरा माणूस लागे. राहता राहिली सुंदरी, मालकांची पुतणी. जयसिंगपूरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. डबा द्यायला आली की उगीच टेबलापाशी रेंगाळायची. कुरिअर आलंय म्हणून प्रियदर्शनीने गोड बोलून तिच्याकडून कागदावर सही करून घेतली. सही उजव्या हाताने झाली. तरी संशय काही गेला नाही, उलट काका-पुतणी मिळून काहीतरी शिजवताहेत असं वाटू लागलं. नवरा म्हणाला, सरळ विचारून टाक. पण विचारलं आणि मालक ‘हो, तुझ्या जागी दुसरं माणूस घेतोय’ म्हणाले तर, या भीतीने ती विचारायचं टाळत राहिली.

तिसऱ्या दिवशी ती तासभर आधीच कारखान्यात आली.

शटर अर्धं वर होतं. कॉम्प्युटरसमोर गुणमालाकाकी बसल्या होत्या, मालकांची बायको. माऊस डाव्या हाताशी, तोंड पडद्याच्या अगदी जवळ, आणि चलनाचं एकेक अक्षर सावकाश उमटत होतं. काकींच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेलेली. नवरा-बायको दोघंच कारखाना चालवायचे तेव्हाची गोष्ट, सगळ्यांना ठाऊक असलेली. पण खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू लावण्यापलीकडे काकींचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे प्रियदर्शनीच्या मनातही आलं नव्हतं.

“माझ्या जागेवर तुमी बसनार व्हय, काकी?” तिचा आवाज चिरकला.

काकी दचकल्या, पण उठल्या नाहीत. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांनी सगळं सांगून टाकलं. थोडं सुंदरीकडून, थोडं मोबाइलवर बघून त्या शिकत होत्या. चारचौघांत तो हात दाखवायची लाज वाटे, म्हणून कुणी यायच्या आत. रजेच्या काळात एखादी पोरगी आणायचं मालकांच्या मनात होतं, ते काकींनीच हाणून पाडलं होतं.

“सा म्हैनं मी बसतो. परकी कशाला पायजे?”

प्रियदर्शनीचा विश्वास बसेना. परकी असती तरी सहा महिन्यांनी गेलीच असती, मग या वयात एवढा खटाटोप कशासाठी, असं तिने तोडून विचारलं.

काकींनी माऊसवरचा हात काढला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“ह्या खुर्चीवरली रेश्मा बाळंतपनाला गेली, तवा तू बी सा म्हैन्यासाठीच आलीवतीस.”