पाटाखालची ओल

"पाय धुताना एवढं पाणी कुणी सांडलं गं?" ओली सतरंजी चाचपत आत्याबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

कुमारिकापूजनाच्या ओळीत शेवटच्या पाटावर माझी नऊ वर्षांची शाल्मली बसली होती. ओलं फक्त तिथंच होतं.

"परात कलंडली असेल," तांब्या सावरत सासूबाई म्हणाल्या. सगळ्या माना डोलल्या. जाऊबाईंनी आणखी दोन उदबत्त्या लावल्या.

जन्मतःच मणका उघडा राहिल्यामुळे माझ्या लेकीला लघवीची जाणीव होत नाही. दर तीन तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, तुंबली तर मूत्रपिंडं जातात, हे डॉक्टरांनी सासूबाईंच्या समोरच सांगितलं होतं. तरी सकाळी मी नळी घेतली आणि सासूबाईंचं सोवळं आडवं आलं. "पूजा होईपर्यंत नळी नाही. पोरीला पाणीही देऊ नकोस." देवी म्हणून जिचे पाय धुवायचे, तिलाच तहानलेली ठेवायची.

मी तबक खाली ठेवलं, ते आदळूनच. पण माझ्याआधी शाल्मली बोलली.

"परात नाही कलंडली, आजी. ही माझी शू आहे. तू आईला नळी घालू दिली नाहीस म्हणून झाली. पाय राहू देत, आधी प्यायला पाणी दे."