अगदी घरच्यासारखं

प्रताप नगरात नवं हॉटेल उघडलं, की आठ दिवसांच्या आत प्रेमानंदराव बायकोला, प्रमिलाबाईंना, घेऊन हजर. पाटोडीचा रस्सा मागवायचा, तोंड वाकडं करायचं आणि मोबाईलवर तारे वाटायचे. तीनच्या वर त्यांनी आजवर कोणाला जाऊ दिलं नव्हतं.

या नव्या हॉटेलच्या पाटीवर लिहिलं होतं, 'अगदी घरच्यासारखं जेवण'. प्रेमानंदराव हसतच आत शिरले, पण रस्सा वाटी पुसून संपवला.

"मानलं गा तुले!" ते मालकाला म्हणाले. "पाटी खरी आहे. एकदम घरच्यासारखं. घे, पाचही तारे तुले!"

मालक हरखला. त्याने कौतुकाने प्रमिलाबाईंनाही विचारलं, "अन् तुम्हाले कसं वाटलं जी, काकू?"

हे आजवर कोणत्याच हॉटेलात त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"जेवण झकास आहे गा," त्या म्हणाल्या. "पण ते पाटीवरचं तेवढं खोटं आहे."

"काहून जी?"

"घरच्यासारखं कुठं आहे हे? मले पोळी गरम भेटली."