खंडेनवमीची बंदूक

सौरव तीन वर्षांचा असताना खंडेनवमीच्या पूजेला पणजोबांची फौजेतली रायफल माळ्यावरून काढली होती. खोलीत तो, त्याचे वडील आणि काका भावकू. बार ऐकू आला आणि काका ओरडत बाहेर आला, "पोरानं चाप वढला, गोळी दादाला लागली." वडील जागीच गेले. लेकराचं नाव नको म्हणून काकानंच प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ दिलं नाही. तेव्हापासून हिंडलग्याची सगळी जमीन काका कसतो आणि आई सौरवच्या हातचं पाणी घेत नाही.

यंदा ती रायफल घरातून घालवायचीच म्हणून सौरवनं जुन्या हत्यारांचे जाणकार उपेंद्र सर यांना टिळकवाडीहून बोलावलं. काकासमोरच त्यांनी बोल्ट बाहेर काढला, नळीत बॅटरी मारली, दस्त्यावरची अक्षरं अंगठ्यानं पुसून वाचली.

"थ्री-नॉट-थ्रीच आहे, पण कवायतीची. फौजेनंच पिन कापून, नळीला भोक पाडून दिलीय. तुमच्या घरात आल्यापासून हिच्यातनं गोळी सुटणं शक्यच नाही."

चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली.



काकानं उठून तिच्या हातातला ट्रे घेतला. "वैनी, तुमी आत जावा."