उरलेली अर्धी प्रार्थना

उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून नुबिया एरासो स्वतःच स्वतःला उत्तर देत होती. जपमाळेची प्रार्थना अशी एकट्याने म्हणायची नसतेच मुळी. अर्धी एकाने म्हणायची आणि उरलेली अर्धी घरभर बसलेल्या माणसांनी. तिच्या गावी, पास्तोला, मयताच्या घरात नऊ संध्याकाळी हेच चालतं. इथे समुद्रापलीकडच्या परक्या देशात, कासेलमधल्या तिच्या दोन खोल्यांत तिने खुर्च्या मांडल्या होत्या. शिवणाच्या मशीनचं स्टूलसुद्धा पुसून ठेवलं होतं. सगळं रिकामं.

आज नववी संध्याकाळ. आजची प्रार्थना झाली की आईचा फोटो उचलायचा, तिच्या आत्म्यासाठी ठेवलेलं पाणी ओतून टाकायचं आणि मेणबत्ती विझवायची. मग आई जाते ती जातेच. जन्मभर दुसऱ्यांच्या मयताला धावलेली ही बाई चार माणसांच्या आवाजाशिवाय, चोरासारखी गुपचूप जाणार, या विचाराने नुबियाचा जीव तुटत होता.

तिला स्वतःला जाता आलं नव्हतं. तिकडे दुसऱ्याच दिवशी माती देतात. विमान पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. दुपारी बहिणीचा, यानेथचा, फोन आला तेव्हा मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता.

“घरात पाय ठेवायला जागा नाही गं. तुझ्याकडे किती जण येतात?”

“कुणीच नाही.”

“शेजाऱ्यांना सांगितलंस ना?”

“सांगितलंय. माहितीये त्यांना.”

“माहीत असून? अगं, त्यांच्यापेक्षा दगड बरा. निदान ठेच तरी लागते!”

खरंच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी जिन्यात समोरच्या हाइडेमानबाई भेटल्या होत्या. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी नुबियाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“फार वाईट झालं. काही करून आणू का? आम्ही येऊन बसू का?”

“नको, नको,” नुबिया डोळे पुसत म्हणाली. “तुम्हाला कशाला उगाच त्रास!”

असंच म्हणायचं असतं. पास्तोची शेजारीण यावर “गप गं” म्हणून सरळ स्वयंपाकघरात घुसली असती.

“बरं,” हाइडेमानबाई म्हणाल्या आणि आपल्या घरात गेल्या.

त्यानंतर ते दार तिच्यासाठी उघडलं नाही. रोज ती पातेलंभर कॉफी करायची आणि रोज बेसिनमध्ये ओतून द्यायची. रोज जिन्यात पावलं वाजायची. तिचा जीव कानात यायचा. पावलं समोरच्या दाराशी थांबायची, हळू आवाजात काहीतरी बोलणं व्हायचं आणि ती परत फिरायची. तिच्या दाराशी एकही पाऊल थांबलं नाही.

आता तिचा घसाच बसला. स्वतःची अर्धी प्रार्थना कशीबशी बाहेर पडली. उत्तराची निघेचना. तिने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. ती तशीच मोज्यांवर जिन्यात गेली आणि समोरचं दार बुक्क्यांनी बडवू लागली. ज्या इमारतीत शेजाऱ्यांची शांतता मोडू नये म्हणून रविवारी कुणी खिळासुद्धा ठोकत नाही, तिथे.

दार उघडलं.

“माझी आई गेलीय!” ती ओरडली. “आमच्याकडे कुत्रं मेलं तरी शेजारी डोकावून जातात! माणसं आहात की कोण आहात तुम्ही?”

हाइडेमानबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “पण तुम्हीच नको म्हणालात.”

“म्हणाले! मग? सगळेच म्हणतात! पुन्हा विचारायचं असतं!”

“पुन्हा?” बाईंना खरोखरच कळेना. “दुःखातल्या माणसाने स्पष्ट नको म्हटल्यावर पुन्हा विचारायचं? तो तर आगाऊपणा झाला.”

मग बाईंनी दारामागची किल्ली काढली. “चला माझ्याबरोबर.”

त्या तिला खाली तळघरात घेऊन गेल्या आणि कोपऱ्यातल्या मोठ्या फ्रीझरचं झाकण उचललं. आत डबे रचले होते, अगदी वरपर्यंत.

“हा माझा केक. आमच्याकडे मयतानंतर करतात तो. तुम्ही नको म्हणालात, तरी त्याच दिवशी केला. हे वरच्या ल्यूट्केंचं वाटाण्याचं सूप. आयुष्यात पहिल्यांदा चुलीपाशी उभे राहिले, खारट झालंय म्हणत होते. हे तळमजल्यावरच्या जोडप्याचं. तेही त्यांचंच.” बाई डब्यांवरचं बर्फ पुसू लागल्या. “रोज कुणी ना कुणी यायचं, आता जाऊ का म्हणून विचारायचं. मी सांगायचे, तिला नकोय, तिला त्रास देऊ नका. मी तुमची राखण करत होते, एरासोबाई.”

नुबियाला रडू आवरेना.

हाइडेमानबाईंनी झाकण लावलं. एखादा गुन्हा करायला निघाल्यासारख्या त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “मी पुन्हा विचारते. येऊ का आम्ही?”

नुबियाच्या तोंडात सवयीचं ‘नको’ आलंच होतं. ते तिने गिळलं. “या,” ती म्हणाली.

थोड्याच वेळात तिच्या दाराबाहेर चपला रांगेत लागल्या. टेबलावर दगडासारखं गोठलेलं सूप आलं. खुर्च्या भरल्या, स्टूलसुद्धा. ती प्रार्थना कुणालाच येत नव्हती आणि तिची भाषाही कुणाला कळत नव्हती. नुबियाने आईच्या फोटोकडे बघत, बसलेल्या आवाजात आपली अर्धी प्रार्थना म्हटली आणि थांबली.

अर्ध्यातच, साफ चुकीच्या जागी, सगळं घर एका आवाजात म्हणालं, “आमेन.”