बटाट्याच्या गोदामातलं चर्च

"त्या सेद्राकच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस," सासूबाईंनी बजावलं होतं. "सरकारने देवधर्म बंद करून चर्चची घंटा उतरवली, तिथं गोदाम केलं आणि लगेच हा कुठल्याशा गावाहून येऊन गोदामाच्या किल्ल्या घेऊन बसला. तिथं कोण फिरकतं, त्यांची नावं वर कळवतो म्हणे. तुझी शाळेतली नोकरी जाईल."

शोघिकने 'हो' म्हटलं आणि मंगळवारी दुपारी तान्ह्या मुशेघला शालीत गुंडाळून निघाली.

बाळ अडीच महिन्यांचं, सारखा ताप. बाप्तिस्मा द्यायला अख्ख्या गावात धर्मगुरू उरला नव्हता. निदान जुन्या चर्चच्या भिंतीला बाळ टेकवून आणावं, एवढंच तिच्या मनात होतं. आळीतल्या तांबटांनी शंभर वर्षांपूर्वी पाठीवर काळे दगड वाहून ते चर्च बांधलं होतं. आता आत छतापर्यंत बटाटे.

दार उघडंच होतं. ती आत शिरून उत्तरेच्या भिंतीपाशी पोचली, तोच मागून आवाज आला.

"काय गं ए, बटाटे चोरायला तान्हं घेऊन येतात होय?"

"नाही काका. सहज..."

"सहज!" सेद्राकने दाराला आतून कडी घातली. "नाव?"

"शोघिक."

"तुझं कोण विचारतंय? याचं."

"मुशेघ."

"काय हवंय याला?"

"जगायला हवंय," ती बोलून गेली.

सेद्राकने बाळाकडे निरखून पाहिलं. मग खेकसला, "मास्तरीण म्हणवतेस, पोराचं तोंड धुता येत नाही? आण इकडे."

भिंतीतल्या दगडी कोनाड्यात पाणी होतं. काहीतरी पुटपुटत त्याने तीन ओंजळी बाळाच्या डोक्यावर ओतल्या.

"अहो, ताप आहे त्याला!"

"कोमट आहे." त्याने तेलकट अंगठा बाळाच्या कपाळाला, डोळ्यांना, कानांना लावला. "तराजूचं तेल आहे. नीघ आता. पुन्हा दिसू नकोस."

घरी येऊन तिने रडत सगळं सांगितलं. "माझं नाव कळवणार तो!"

सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. त्यांनी बाळाच्या कपाळाचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग चर्चमध्ये जाताना बांधतात तसा डोक्याला रुमाल बांधून बाळाच्या मुठीचा मुका घेतला.

"हे तराजूचं नाही, सूनबाई. चाळीस फुलांचं पवित्र तेल आहे हे, फक्त धर्मगुरूकडेच असतं. माझ्या लेकरांना बाप्तिस्म्याला लावलं होतं, त्याच कोनाड्यापाशी."

शोघिक आता राजधानीत, येरेवानात शिकवते. मुशेघ तिच्याच शाळेत आहे. तिचं एवढंच मागणं आहे: तिच्या गावाच्या बाजूला गेलात, तर गोदामातल्या म्हाताऱ्याची तब्येत विचारून या. आणि जवळपास कोणी नसलं, तर त्याला फादर म्हणा.