खिळ्यांचे बूट

"मत्सर ही खुज्या माणसांची करमणूक आहे," बर्फाने गोठलेल्या चौकात उभं राहून मॉनिटर म्हणाला. "मोठी माणसं दुसऱ्याच्या यशात आनंद मानतात."

एवढं बोलून त्याने मान वळवली, तर चिमणी मुख्य इंजिनिअरांच्या हातात हात घालून चालली होती. मॉनिटरने दोन पावलं आनंद मानून पाहिला. तिसऱ्या पावलाला त्याच्या पोटात दुखायला लागलं.

मॉनिटर आणि चिमणी एकाच वर्गातले, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे. कॉलेजची अभ्यास सहल उत्तरेला इतकी लांब आली होती, की तिथला सूर्य दुपारी तोंड दाखवून लगेच घरी जायचा. या शहरात जमिनीखालच्या पाइपांतून गरम पाणी खेळवून घरं उबदार ठेवतात. ते काम बघायला ही मंडळी आली होती. ते खातं सांभाळणाऱ्या या म्हाताऱ्या मुख्य इंजिनिअरांनी सकाळीच जाहीर केलं होतं, की तुमच्यापैकी एकाला मी हिवाळाभर इथे कामाला ठेवून घेणार. नाव संध्याकाळी सांगेन. मॉनिटरने संध्याकाळची वाट न बघता आईला फोन करून टाकला होता. आईने मामाला सांगितलं, आणि मामाने एव्हाना गल्लीत कुणाला सांगायचं ठेवलं नव्हतं.

तसा मॉनिटरचा भरवसा अगदीच हवेत नव्हता. बर्फावर सरळ चालणारा अख्ख्या सहलीत तो एकटा होता. ही करामत मामाची. मामाचं चपलाबुटांचं दुकान. त्याने तळाला खिळे ठोकलेले बूट भाच्याच्या गळ्यात मारले होते. "तिकडे तुझे मार्क चालणार नाहीत," मामा म्हणाला होता, "हे चालतील." निघताना विमानतळावर सगळे हसले. "काय रे, नाल ठोकून आलास का?" असं चिमणीनेच विचारलं होतं. पहिल्याच चौकात हसणारे सगळे, सरांसकट, आडवे झाले. चिमणीचे बूट फार देखणे होते. ती पडली की ते सगळ्यांना नीट दिसत.

पण इंजिनिअरांनी खिळ्यांच्या बुटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येक पडझडीनंतर ते चिमणीला उठवत. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडलं, की तिला दंडाला धरून आतला व्हॉल्व्ह दाखवत. दोघं मिळून हसतसुद्धा होते. मॉनिटरने पुढे होऊन पाण्याच्या दाबाबद्दल एक लांबलचक, विद्वान प्रश्न विचारला. "छान," इंजिनिअर म्हणाले, आणि चिमणीला सावरायला वळले. कॅन्टीनमध्ये ती त्यांच्या शेजारी बसली. तिचे हातमोजे ओले झालेले बघून त्यांनी स्वतःचे काढून दिले. मॉनिटरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या गारठ्यात त्याला तेवढीच ऊब.

जेवण उरकेपर्यंत त्याला मर्म कळलं. इथे जो पडतो त्याचं कल्याण होतं.

बाहेर पडल्यावर तो घसरला. खिळ्यांचे बूट घालून घसरणं सोपं नसतं. त्याला बरीच मेहनत घ्यावी लागली. पहिल्या वेळी कुणाचं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या वेळी सर त्याला उचलायला आले आणि स्वतःच बसले. तिसऱ्या वेळी मात्र त्याने "आई गं!" असा टाहो फोडला आणि नेमका इंजिनिअरांच्या पुढ्यात पडला.

"अरेच्चा! तुम्हीसुद्धा?" इंजिनिअर म्हणाले.

"काय करणार साहेब, बर्फच असा आहे."

"या, धरा हात."

मॉनिटरने जो हात धरला तो सोडलाच नाही. इंजिनिअरांच्या एका बाजूला चिमणी, दुसऱ्या बाजूला तो. थोड्या वेळाने चिमणीने आपण होऊन हात सोडला आणि ती मागे राहून हळूहळू एकटी चालू लागली. पत्ता कट, मॉनिटर मनात म्हणाला, आणि आणखी एकदा घसरला. सवयीने.

अंधार पडल्यावर सगळे पंपघरात जमले. यंत्रं घुमत होती. इंजिनिअरांनी टोपी काढली.

"खरं तर माझा निर्णय सकाळी पहिल्या चौकातच झाला होता," ते म्हणाले आणि त्यांनी थेट मॉनिटरकडे पाहिलं. मॉनिटरने कॉलर नीट केली. "आमचं काम म्हणजे बर्फावरून हिंडत झाकणं तपासणं. पडून चालत नाही. उन्हाच्या मुलखातून आलेला आणि इथे पहिल्याच दिवशी ताठ चालणारा मुलगा मी आजवर पाहिला नव्हता. याला धरायची गरजच नव्हती, म्हणून मी याच्याकडे बघितलंही नाही."

मॉनिटरने एक पाऊल पुढे टाकलं.

"पण दुपारनंतर हाही घसरायला लागला," इंजिनिअर हळहळले. "आणि आमचं खरं काम सुरू होतं ते दुपारनंतरच. ही मुलगी मात्र सकाळी पावलागणिक पडत होती, ती आता हात सोडून चालत आली. तेव्हा हीच राहील."

टाळ्या पडल्या. मॉनिटरनेही वाजवल्या, दुसऱ्याच्या यशात आनंद मानायची वेळ पुन्हा आली होती.

गर्दी पांगल्यावर चिमणी जरा अवघडून त्याच्याजवळ आली.

"रागावला नाहीस ना रे?"

"छे! मी कशाला रागावू?"

"मग जाताना तेवढे तुझे बूट ठेवून जाशील? मी दोन मोजे चढवीन आतून. तसाही तुला त्यांचा काही उपयोग झालेला दिसत नाही."