नामसूचीत नसलेलं नाव

नामसूचीची कार्डं लावता लावता इर्मेलाचा हात थांबला. युद्धाचा इतिहास लिहिण्यात वडिलांची हयात गेली होती आणि प्रत्येक पुस्तकाची नामसूची तीच करायची. हे शेवटचं पुस्तक होतं गावकऱ्यांना गोळ्या घालणाऱ्या एका जर्मन तुकडीवर. त्यातल्या प्रत्येक सैनिकाचं नाव छापायचं, ही वडिलांचीच अट.

"बाबा, तुकडीच्या हजेरीपटावरचं एक नाव तुमच्या कार्डांत नाही. लीनहार्ट फॉस्लर. माझे आजोबा."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"सव्वीस वर्षं झाली." म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "दुसऱ्यांच्या बापांची नावं लिहिताना हात नाही गं थरथरला."

"आणि मी लेकाला तेच नाव ठेवलं, तेव्हा गप्प का बसलात?"

"तू किती हरखली होतीस, पोरी. म्हटलं, तेवढंच ते नाव धुऊन निघेल."

इर्मेलानं कोरं कार्ड घेतलं, आजोबांचं नाव लिहिलं आणि गठ्ठ्यात त्याच्या जागी सरकवलं. वडिलांनी अडवलं नाही.

आतल्या खोलीत तान्हं रडू लागलं. तिनं धावत जाऊन त्याला छातीशी घेतलं. नाव ओठांवर आलं, तशी ती थांबली. "उगी, राजा, उगी," एवढंच म्हणत राहिली.